दिघेबाईंची थोरली

गेल्या आठवड्यात आमच्या सिंगापूरच्या, तोआ पायोहमधल्या ऑफिसातून एक टेबल हलवलं. दोन माणसं आली, त्यांनी ते लिफ्टमध्ये आडवंतिडवं करून कसंबसं घातलं आणि घेऊन गेली. टेबलाला हाताने फिरवायची दोन चाकं होती आणि खाली पायाने फिरवायची एक जाड तबकडी. नवीन आलेल्या मुलींना ते शिवणयंत्र वाटायचं. त्या टेबलाशी कित्येक वर्षं शशिकला दिघे बसल्या आणि तिथे बसून त्यांनी जगातल्या कुठल्याकुठल्या डोंगरांचे, नद्यांचे नकाशे काढले. त्यातली एकही जागा त्यांनी स्वतः जाऊन पाहिलेली नव्हती. टेबल गेलं त्या दिवशी मला चुकल्याचुकल्यासारखं झालं, आणि घरी येऊन मी हे लिहायला बसलो.

आमचं काम काय, ते आधी सांगतो, नाहीतर बाई कळायच्या नाहीत. विमानातून काढलेले जमिनीचे फोटो आमच्याकडे येतात आणि त्यांवरून आम्ही नकाशे करून देतो. एकाच जागेचे दोन ठिकाणांहून घेतलेले फोटो खास चष्म्यातून एकत्र पाहिले की पडद्यावरची जमीन उठून उभी राहते. डोंगर अगदी नाकाशी येतो. त्या जमिनीवर एक बारीक उजेडाचा ठिपका असतो. चाकं फिरवली की तो आडवा-उभा सरकतो, तबकडी फिरवली की वर-खाली होतो. तो जमिनीला नेमका टेकवायचा आणि टेकलेलाच ठेवून डोंगराच्या अंगाअंगाने फिरवायचा. त्यातून सारख्या उंचीची रेषा उमटते. ठिपका जरा वर राहिला की रेषा हवेत, जरा खाली गेला की जमिनीच्या पोटात. बाई त्या ठिपक्याला टिंब म्हणत.

मला इथे आणलं होतं ते हे सगळं माणसाशिवाय करणारा प्रोग्रॅम लिहायला. सरळ सांगायचं तर बाईंच्या पोटावर पाय द्यायला मला पुण्याहून एम्प्लॉयमेंट पास काढून बोलावलं होतं. हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ओळख झाल्यावर त्यांनी गावाचं, बायकोचं, मुलाच्या शाळेचं विचारलं, चिवड्याचा डबा पुढे केला आणि म्हणाल्या, आधी बस इथे, तुला काय मोडायचंय ते तरी बघून घे.

मी चष्मा लावून बसलो. अर्धा तास टिंब माझ्या ताब्यात येईना. शेवटी एका टेकडीवर ते स्थिर झालंसं वाटलं.

"टेकलं का?" बाईंनी विचारलं.

"टेकलं."

त्यांनी माझा चष्मा काढून स्वतःला लावला आणि एक नजर टाकली. "झाडाच्या शेंड्यावर टेकलंय. जमीन अजून खाली आहे."

हे "टेकलं का" त्या कशालाही लावत. कॉन्डो भाड्याने घ्यायचा म्हणून मी आकडेमोड करत होतो, तेव्हा विचारलं. ऑफिसातल्या एका मुलीचं लग्न ठरत होतं, तिला विचारलं. लिम साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, नवीन ऑफिस घेण्याच्या मोठ्या गोष्टी सुरू केल्या की बाई मला मराठीत हळूच म्हणत, टिंब हवेत आहे रे. पुढे पुढे माझी बायकोही मला तेच ऐकवायला लागली.

डोळ्यांना त्या जिवापाड जपत. दुपारी जेवेपर्यंत फोनकडे बघायच्या नाहीत. MRTमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, डोळे मिटून बसत. उभ्या असल्या तरी मिटलेलेच. लोकांना वाटे बिचारी दमली आहे, आणि कोणीतरी उठून जागा देई. त्या झोपलेल्या मात्र नसत. एकदा मी शेजारी बसून फोनवर बायकोला साहेबांच्या चिक्कूपणाच्या गोष्टी रंगवून सांगत होतो. बिशान स्टेशन आलं, आणि बाई डोळे न उघडता म्हणाल्या, "लिम चिक्कू नाही. घाबरट आहे. दोन्हींत फरक असतो." मी फोन बंद करून खिशात टाकला.

रविवारी त्यांचा डोळ्यांचा उपास असे. त्या दिवशी टीव्ही नाही, वाचन नाही, शिवणटिपण नाही. वुडलँड्सच्या अकराव्या मजल्यावरच्या खिडकीत बसून त्या पलीकडच्या, मलेशियातल्या जोहोरच्या दिशेला बघत राहात. त्यांचे यजमान रॅफल्स प्लेसच्या एका बँकेतून निवृत्त झालेले, मोठे बोलके गृहस्थ. रविवारी ते बायकोला पेपर मोठ्याने वाचून दाखवत आणि मध्येमध्ये स्वतःची मतं घुसडत. आठवड्यात माझं कोणी ऐकून घेतं असा हा एकच दिवस आहे, असं ते मला म्हणाले होते.

जमीन बघायची खोड मात्र त्यांची ऑफिसबाहेरही सुटत नसे. आम्ही जेवायला जायचो त्या हॉकर सेंटरमधलं, म्हणजे चारी बाजूंनी उघड्या खानावळीतलं, कुठलं टेबल रिकामं आहे याकडे आम्ही बघायचो, बाई फरशीकडे बघायच्या. एकदा दुपारी आभाळ फुटल्यासारखा पाऊस सुरू झाला. बाई ताटली घेऊन उठल्या आणि आम्हालाही उठा म्हणाल्या. मी कुरकुरलो. मला समोर गरम गरम नूडल्स आल्या होत्या. बाईंनी माझी ताटली उचलली आणि चालू लागल्या, त्यामुळे मलाही मागे जावं लागलं. पाचच मिनिटांत कडेची गटारं तुंबून पाणी आत शिरलं आणि आम्ही बसलो होतो त्या टेबलाखाली घोटाभर तळं झालं. बाकीची फरशी कोरडी होती. तिथे टेबलं पुसणारी एक चिनी म्हातारी तेव्हापासून बाईंना हात करून विचारायची, आज कुठे बसू. सिंगापूरबद्दल बाईंची एकच तक्रार होती. सगळी जमीन इस्त्री करून ठेवलीय म्हणायच्या, बघायला काही उरलंच नाही.

त्यांचं माहेर करमाळ्याकडचं, सीना नदीच्या काठचं. उन्हाळ्यात नदी आटली की त्यांचे वडील पात्रातल्या वाळूत कलिंगडं लावत. आमच्या बाई लहानपणी तिथे राखण करायला बसत. मध्ये कुठेतरी करंगळीएवढी पाण्याची धार आणि दोन्ही बाजूंना डोळे दिपतील अशी पांढरी वाळू, असं त्या नदीचं वर्णन त्यांनी मला अनेकदा ऐकवलं. नदी म्हटली की त्यांच्या डोळ्यांसमोर आधी वाळू येई आणि मग पाणी. आपल्याकडच्या निम्म्या नद्यांचं हेच आहे, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तर या बाईंच्या पडद्यावर एक दिवस उत्तरेकडची ती नदी आली. पार उत्तरेची, जिथे झाडंसुद्धा उगवायचं सोडून देतात तिथली. रस्ता नाही, पूल नाही, मैलोन्‌मैल माणूस नाही. सात-आठ धारांत फुटायची, पुन्हा एक व्हायची, पुन्हा फुटायची. तिचं नाव तिकडच्या लोकांच्या भाषेतलं, आमच्यापैकी एकालाही नीट म्हणता यायचं नाही. बाईंनी चष्मा लावून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, ही आमच्या सीनेची थोरली. तेव्हापासून ऑफिसभर तिचं नाव थोरली पडलं. लिम साहेबसुद्धा मीटिंगमध्ये "तोर्ली, तोर्ली" करायचे.

थोरलीची उगमापासून समुद्रापर्यंत नकाशाची तेरा शीटं करायची होती. बाई तेव्हा बासष्ट वर्षांच्या होत्या. यजमानांना पुण्याला परत जायचे वेध लागले होते. लिम साहेबांनीही स्पष्ट सांगितलं होतं की डिसेंबरात हे काम संपलं की टेबल बंद, पुढचं सगळं प्रोग्रॅम करील. बाईंनी दोघांचंही मान्य केलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की हिला मी समुद्राला पोचवते आणि मग चष्मा काढून ठेवते. एरवी स्वतःसाठी त्यांनी कधी काही मागितलेलं मी ऐकलं नाही.

वर्षभर त्या तिच्यामागे होत्या. काढलेली शीटं तुकड्या-तुकड्यांनी तिकडे, म्हणजे काम देणाऱ्या लोकांकडे, जात आणि मंजूर होत. पहिली सात शीटं गेल्यावर तिकडून एक ईमेल आली, ती लिम साहेबांनी छापून पॅन्ट्रीत लावली. सातव्या शीटवर नदीकाठी जो वाळूचा उंच, सपाट पट्टा दाखवला होता तिथे नावेतून ये-जा करणाऱ्या लोकांसाठी एक निवारा बांधायचं ठरत होतं. चार भिंती, शेगडी, रॉकेलचा साठा. पट्टा पाण्यापासून तीन मीटर उंच असल्यामुळे जागा पुराला सुरक्षित आहे, असं त्यात लिहिलं होतं. आपण काढलेल्या नकाशावर काही उभं राहतंय हे आम्हाला पहिल्यांदाच कळत होतं. बाईंनी ती ईमेल दोनदा वाचली आणि त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

अकरा शीटं झाली, बारावं आणि तेरावं उरलं, तेव्हा मी शेजारच्या शीटांच्या कडा एकमेकींना जुळवायला घेतल्या. सातव्या आणि आठव्याच्या कडेवर माझ्या प्रोग्रॅमने लाल रंग दाखवला. सातव्यात तो वाळूचा पट्टा होता, तीन मीटर उंच. आठव्यात कड ओलांडल्याबरोबर पट्टा गायब, आणि त्याच जागी नुसते गोटे आणि पाण्याच्या धारा. जमिनीला मध्येच पायरी पडल्यासारखं दिसत होतं. असे फरक यंत्रांमुळेही पडतात, आणि ते दोन्हीकडे थोडेथोडे वाटून टाकायची सोय माझ्या प्रोग्रॅममध्ये होती. मीच केलेली, आणि मला तिचा अभिमान होता. लिम साहेबही म्हणाले, सातवं मंजूर झालंय ना, मग वाटून टाक.

मी वाटून टाकणारच होतो. त्याआधी जेवताना गंमत म्हणून बाईंना सांगितलं की तुमच्या वाळूला माझ्या प्रोग्रॅमने पायरी पाडली. बाईंनी हातातला घास डब्यात ठेवला, डबा बंद केला आणि तशाच टेबलाशी जाऊन बसल्या. मला फक्त एवढंच विचारलं की सातव्याचे फोटो कधीचे आणि आठव्याचे कधीचे. मी बघून सांगितलं, सातव्याचे जूनचे, आठव्याचे सप्टेंबरचे. दोन तास त्या हलल्या नाहीत. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"मिलिंद, ही वाळू नाही. हा बर्फ आहे."

मी म्हटलं, जूनमध्ये बर्फ कुठला, सगळीकडे हिरवं दिसतंय की. त्या म्हणाल्या, मीही तेच म्हटलं होतं. बाकी सगळा बर्फ वितळलाय, नदीत पांढरं दिसतंय, म्हणजे वाळू. दोन दिवस त्या पांढऱ्यावर टिंब टेकत नव्हतं, चिकाटीने टेकवलं. टेकलंही. बर्फावर टेकलं.

पुढचे दोन दिवस त्या तिकडच्या नद्यांबद्दल सापडेल ते वाचत होत्या. तिथल्या काही नद्यांत हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर खालून पाणी झिरपून येतं आणि पसरून गोठतं, त्यावर पुन्हा पाणी येतं, पुन्हा गोठतं, आणि असे थर चढत जाऊन पात्रात बर्फाची पठारं तयार होतात. उन्हाळा निम्मा संपेपर्यंत ती टिकतात. तिकडच्या पोराटोरांना हे माहीत असणार. सिंगापुरात बसून नकाशा काढणाऱ्या करमाळ्याच्या बाईला आणि पुण्याच्या मला ते माहीत नव्हतं, आणि तो आराखडा करणाऱ्या लोकांनी दूरच्या शहरात बसून आमच्या नकाशावर विश्वास ठेवला होता.

बाई लिम साहेबांकडे गेल्या आणि सहावं आणि सातवं शीट परत मागवा म्हणाल्या. पट्ट्याचं एक टोक सहाव्यात होतं. मी तिथे होतो. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी बाईंना बसायला सांगितलं आणि पहिल्यांदा मला ते घाबरट वाटण्यापेक्षा कळवळलेले वाटले. ते म्हणाले, तिथे जाणारे लोक जागा बघतीलच की. बाई म्हणाल्या, सर, लोक जागा बघून नकाशा उघडत नाहीत, नकाशा बघून जागेवर जातात. शरदात ते सामान भरून नावेतून तिथे पोचतील आणि खाली नुसतं पाणी असेल. परत फिरायचं तर नदी गोठायला लागलेली.

मग साहेबांनी खरं ते सांगितलं. चूक ऑपरेटरची आहे असं आपण कळवलं की ते म्हणणार, ऑपरेटरला बाजूला करा. बारावं आणि तेरावं प्रोग्रॅमकडे जाईल. "मॅडम, तुमची तोर्ली जाईल." दोन शीटांसाठी एवढं थांबलात, विचार करा, सोमवारी बोलू, असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

शनिवारी बाईंनी मला घरी जेवायला बोलावलं. दार यजमानांनी उघडलं आणि पहिलं वाक्य ऐकलं ते, "या, आमच्या फ्रीजमध्ये नदी आलीय." फ्रीझरमधले मटार, मासे, आइस्क्रीम सगळं काढून शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये पाठवलं होतं. आत एक मोठं स्टीलचं ताट, त्यात कुंडीतले गोटे, आणि गोट्यांवर बर्फ. बाई दर अर्ध्या तासाने पळीभर थंड पाणी त्यावर सोडत आणि दार लावून घेत. एका थराला हळद घातलेलं पाणी, दुसऱ्याला कुंकवाचं, तिसऱ्याला साधं. कापलं असतं तर केकसारखे थर दिसले असते. त्यांचा मुलगा कौस्तुभ, इथेच वाढलेला, आइस्क्रीम गेल्यामुळे वैतागला होता आणि इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाला,

"आई, इट्स जस्ट आइस, लाह. एव्हरीबडी नोज हाउ आइस वर्क्स."

"मला माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या आणि पळी घेऊन पुन्हा उठल्या. थोड्या वेळाने मुलानेच घड्याळ बघून सांगितलं, आई, अर्धा तास झाला.

जेवताना मी त्यांना म्हटलं, बाई, दोनच शीटं राहिलीत. ती झाल्यावर कळवा ना, डिसेंबरात. निवारा काही लगेच उभा राहत नाही. हे मी त्यांच्यावरच्या मायेपोटी म्हटलं, अजूनही मला त्याची लाज वाटते. बाईंनी माझ्या पानात आमटी वाढली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या की असा विचार मीही दोन रात्री केला, आणि दोन्ही रात्री मला त्या शेगडीजवळ बसलेली माणसं दिसली.

सोमवारी त्या ते ताट बर्फाच्या पेटीत घालून वुडलँड्सहून MRTने घेऊन आल्या. लिम साहेबांच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर ताट ठेवलं आणि बर्फाच्या सपाटीवर मधोमध एक काड्यापेटी ठेवली. साहेबांना म्हणाल्या, हा तुमचा निवारा. आणि स्वतःच्या कामाला निघून गेल्या. साहेबांनी सकाळभर त्याच टेबलावर काम केलं. हलवा म्हणाले नाहीत. मी काही ना काही निमित्त काढून दोनदा डोकावलो. जेवणाच्या सुमाराला काड्यापेटी कलंडली होती. तीन वाजता ताटात गोटे होते, पिवळं-लाल पाणी होतं आणि भिजून फुगलेली काड्यापेटी गोट्यांत अडकली होती. साहेबांनी बाईंना बोलावलं, त्यांच्यासमोर फोन लावला आणि सगळं सांगितलं. चूक कंपनीची आहे असं त्यांनी म्हणायला सुरुवात केली, तेव्हा बाईंनी टेबलावर बोट आपटून स्वतःकडे दाखवलं. मग साहेबांनी तेही सांगितलं.

तिकडून कोणी आरडाओरडा केला नाही. निवाऱ्याचं काम थांबवलं. त्या भागाचे सप्टेंबरातले आणखी फोटो त्यांच्याकडे होते ते पाठवले, आणि दोन्ही शीटं नव्याने करून मागितली. ऑपरेटर बदला असंही म्हणाले नाहीत. लिम साहेबांची भीती खोटी ठरली आणि त्यामुळे सगळ्यांत जास्त आनंद त्यांनाच झाला.

बाईंनी मात्र एक अट स्वतःलाच घातली. त्या रेषा काढत असताना मी शेजारी दुसरा चष्मा लावून बसायचं आणि प्रत्येक रेषेला का म्हणून विचारायचं. मला कशाला, असं मी विचारलं. "माझ्या डोक्यात सीना आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या डोक्यात काहीच नाही, ते बरं." दीड महिना मी त्या खुर्चीवर बसलो. शनिवारीही बसलो. हे पाणी कशावरून, हा गोटा कशावरून, ही सावली कशाची, असं विचारून विचारून मी त्यांना भंडावून सोडलं, आणि जिथे त्यांना उत्तर देता यायचं नाही तिथे त्या रेषा पुसून पुन्हा पहिल्यापासून काढत. नोव्हेंबर संपता संपता सहावं आणि सातवं गेलं. जिथे तो पांढरा पट्टा होता तिथे आता गोट्यांची खूण होती आणि एक तुटक रेघ, हिवाळ्यातला बर्फ कुठवर चढतो ते दाखवणारी.

डिसेंबर उरला होता. लिम साहेब स्वतः बाईंच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, महिना आहे, दोन शीटं आहेत, तोर्लीला समुद्राला पोचवा. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी चष्मा लावला.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी एकही रेषा काढली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चाकांवर हात ठेवून नुसत्या बघत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला शेजारी बसवलं. नदी समुद्राजवळ मैलभर रुंद होऊन पसरली होती आणि पात्रात, काठाने, खाडीत सगळीकडे पांढरं होतं. समुद्रावर कायम ढग, म्हणून सप्टेंबरात तिथले फोटो मिळाले नव्हते. होते ते जूनचे.

"यातली वाळू कुठली आणि बर्फ कुठला, सांग," त्या म्हणाल्या.

मला सांगता येईना. त्यांनाही येत नव्हतं.

त्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी तिकडे विचारलं. तिकडचे म्हणाले, मुखाशी आम्हाला काही बांधायचं नाही, अंदाजाने काढलं तरी चालेल. पुढच्या सप्टेंबरात आम्ही पुन्हा विमान पाठवणारच आहोत, तेव्हा दुरुस्त करता येईल. साहेब आनंदाने हे सांगायला आले. त्यांच्या लेखी प्रश्न सुटला होता. पुढच्या सप्टेंबरात बाई इथे नसणार हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणून तर ही परवानगी म्हणजे बाईंना दिलेली भेटच होती.

बाईंनी साहेबांचे आभार मानले. म्हणाल्या, मी अंदाजाने काढणार नाही. एकदा काढलं की ते खरं दिसतं, सर, आणि मग कोणीतरी तिथे जातं.

साहेबांनी विचारलं, "मग काय पाठवायचं, मॅडम?"

"कोरं," बाई म्हणाल्या.

उरलेले दिवस बाई त्या दोन कोऱ्या शीटांवर काम करत होत्या. मला आधी कळेना, कोऱ्या कागदावर कसलं काम. त्यांनी चौकट आखली, अक्षांश-रेखांशाच्या रेघा घातल्या, प्रमाण लिहिलं, उत्तरेचा बाण काढला. अकराव्या शीटच्या कडेवर नदीच्या जेवढ्या धारा येऊन थांबत होत्या तेवढ्या सगळ्यांच्या जागा बाराव्याच्या कडेवर बारीक खुणांनी मांडून ठेवल्या. कशाला एवढं, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, पुढच्या वर्षी जो बसेल त्याचा यात वेळ नको जायला. त्याने नदीपासूनच सुरुवात करावी.

शेवटच्या दिवशी तेरा शीटं छापून आम्ही भिंतीवर ओळीने लावली. यजमान खाली टॅक्सी घेऊन आले होते. बाई आल्या, स्वेटर हातावर घेतलेला, आणि उगमापासून एकेक शीट बघत भिंतीच्या कडेने चालत गेल्या. सहाव्या-सातव्याशी जास्त थांबल्या. अकराव्यापर्यंत थोरली सात-आठ धारांनी आली होती आणि कडेशी आल्यावर सगळ्या धारा एकदम थांबल्या होत्या. पुढची दोन शीटं पांढरी होती. त्यांच्या मधोमध बाईंनीच लिहिलेली एक ओळ होती, जमीन पाहिलेली नाही, एवढंच सांगणारी. खाली कोपऱ्यात, नकाशा काढणाऱ्याचं नाव लिहायचं असतं त्या चौकोनात, पहिल्या अकरा शीटांवर एस. दिघे होतं. या दोहोंवर चौकोन मोकळा होता.

"इतक्या जवळ आला होतात, मॅडम," लिम साहेब म्हणाले.

बाईंनी मान हलवली. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. मग पर्समधून पेन काढून माझ्या हातात दिलं, "पुढच्या सप्टेंबरात," म्हणाल्या, आणि साहेबांना नमस्कार करून लिफ्टकडे गेल्या.